खाड्यानंतरचा सोमवार

प्रिय लेकी,

तुझा निरोप वाचला. परीक्षा, मग ताप, असा मिळून बावीस दिवसांचा खाडा पडला, आता जिममध्ये पाऊल टाकायची लाज वाटते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागणार, असं तू लिहिलंस. यातली शेवटची समजूत चुकीची आहे, आणि लाज वाटते ती बरीचशी तिच्यामुळेच. म्हणून आधी बघू, २२ दिवसांत अंगातून नेमकं काय जातं.

ताकद फारशी जात नाही. दोन-तीन आठवडे वजन उचललं नाही तर पडणारा फरक इतका थोडा असतो की पुढच्या चार-सहा खेपांत तो भरून निघतो. जातो तो दम. व्यायाम थांबला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतो. हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त त्यामुळे घटतं आणि तेवढ्याच कामाला जास्त ठोके लागतात. ट्रेडमिलवर नेहमीच्या वेगाला धाप लागली तर घाबरू नकोस. पटकन जाणारी ही गोष्ट पटकन परतही येते. दंड आणि मांड्या थोड्या ओघळल्यासारख्या दिसतील, कारण स्नायूंमधलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, कमी झालेलं असतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठत असतं. बऱ्याच अंशी ते पाणीच उतरलेलं असतं.

आणखी एक गोष्ट जाते, आणि तीच खरी गोची करते. एकच व्यायाम आपण पुन्हा पुन्हा करतो तेव्हा स्नायू त्याला सरावतात आणि नंतर तेवढे दुखत नाहीत. मधे खंड पडला की हे कवच पातळ होतं. म्हणजे ताकद आहे, पण कवच नाही. तू सोमवारी जाशील, जुनं वजन लावशील, ते उचललंही जाईल, आणि तुला वाटेल की काही बिघडलंच नाही. मग बुधवारी जिना उतरताना कठडा धरावा लागेल. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. बुधवारची खेप जाईल, शुक्रवारी मन होणार नाही, आणि पहिल्या खाड्याच्या शेपटीला दुसरा खाडा लागेल. जिम सुटते ती बहुतेक वेळा अशी, या दुसऱ्या खाड्यात.

तेव्हा सोमवारसाठी आकडे आधीच लिहून ठेव. स्क्वॉट, म्हणजे खांद्यांवर वजनाचा बार घेऊन बैठका, तू ४० किलोवर ८ रेपचे ३ सेट करत होतीस, म्हणजे सलग ८ वेळा, मग विश्रांती, असं तीनदा. पहिल्या दिवशी २७.५ किलो, म्हणजे साधारण ७० टक्के, आणि दोनच सेट. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून बार वर ढकलणं, २५ वर होता, तर सोमवारी रिकामा बार, वजनाच्या चकत्या (प्लेट) न लावलेली नुसती २० किलोची दांडी. डंबेल रो, म्हणजे वाकून डंबेल वर ओढणं, १२ किलोचा होता तो ८ वर. प्रत्येक सेट संपताना वाटलं पाहिजे की आणखी चार-पाच रेप सहज झाले असते. दुसऱ्या खेपेला ३२.५, तिसऱ्या खेपेला ३५, सेट अजून दोनच. दुसऱ्या आठवड्यात तिसरा सेट जोड. तिसऱ्या आठवड्याच्या आत तू ४० वर असशील. इतकं हलकं करून काय उपयोग, असं वाटेल. उपयोग हा की बुधवारी तू परत जाऊ शकशील.

हा हिशेब तुझ्या खाड्यापुरता. आठवडाभराचा खंड असेल तर वजन तेवढंच ठेवून एक सेट कमी केला तरी पुरतं. दोन महिने उलटले असतील तर निम्म्या वजनापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वर चढायचं.

तापाचं मात्र वेगळं आहे. ताप उतरल्यावर निदान दोन-तीन दिवस रोजची कामं थकवा न येता झाली पाहिजेत, त्यानंतरच जिम. छातीत दुखत असेल, जिना चढताना नको तेवढी धडधड होत असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. काही विषाणूंचा त्रास हृदयाच्या स्नायूलाही होतो, आणि त्या अवस्थेत जोराचा व्यायाम धोक्याचा असतो. आणि मोठ्या खंडानंतर कोणी उत्साहाच्या भरात शेकडो रेप करायला लावले, नंतर स्नायू सुजून दगडासारखे झाले आणि लघवी काळपट तपकिरी होऊ लागली, तर घरी पाणी पीत बसायचं नाही. स्नायू तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकत असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता नेमाबद्दल. एकवीस दिवसांत सवय लागते हे तू कुठेतरी वाचलं असशील, आणि तीन महिने जाऊनही ती लागली नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे असं वाटलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य निघाला ६६, पण पल्ला होता १८ पासून २५४ पर्यंत, आणि त्यातला मोठा आकडा गणिताने पुढे वाढवून काढलेला. व्यायाम निवडलेल्यांना खाण्यापिण्याची सवय निवडलेल्यांपेक्षा जास्त दिवस लागले. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरीच नोंद: एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. एका दांडीला आपण जेवढी किंमत देतो, तेवढी ती नसते.

सवय चिकटते ती एखाद्या खुणेला. 'संध्याकाळी जमेल तसं जाईन' ही खूण नव्हे. 'शेवटचं लेक्चर संपलं की खोलीवर न जाता थेट जिम' ही खूण आहे. इंग्लंडमधल्या विद्यार्थ्यांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन गट होते. एका गटाला काहीच विशेष सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्के मुलांनी त्या आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं दमदार व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदय कसं निरोगी राहतं ते वाचायला दिलं. त्यातले ३५ टक्के. तिसऱ्या गटाने तेच वाचलं आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार ते एका वाक्यात लिहून दिलं. ते ९१ टक्के. फायदे वाचून माणूस हलत नाही. वार, वेळ आणि जागा ठरली की हलतो. तू तुझं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिही, आणि त्याच्याखाली दुसरं: 'लेक्चर लांबलं तर अमुक करीन.' अडचण कोणती येणार हे तुला आधीच ठाऊक असतं, तर तिचं उत्तरही आधीच तयार असू दे.

खोलीवर न जाता, हे मी मुद्दाम लिहिलं. एकदा बूट काढून पलंगावर टेकलं की बाहेर पडणं दुप्पट जड जातं. बॅग सकाळीच भरलेली असावी: बूट, टॉवेल, पाण्याची बाटली, वही, पेन. बूट सपाट आणि घट्ट तळव्याचे. धावण्याच्या मऊ बुटांत स्क्वॉट केला की टाच दबते आणि गुडघा डगमगतो.

आठवड्याला तीन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम, एवढीच आहे. तुझं वेळापत्रक बघता सहा दिवसांचा बेत म्हणजे आठवड्याला दोन-तीन खाडे ठरवूनच ठेवण्यासारखं. आरंभशूरपणा असा आकड्यांतून सुरू होतो. तीन दिवस ठरव आणि त्यांतला एक दिवस गेला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढ, पण एकाच दिवशी दोन दिवसांचा व्यायाम कोंबू नकोस.

आणि एक 'छोटा दिवस' ठरवून ठेव. परीक्षा असो, प्रवास असो, मन उदास असो, त्या दिवशी फक्त एवढंच: स्क्वॉटचे दोन सेट, एक ढकलायचा व्यायाम दोन सेट, एक ओढायचा व्यायाम दोन सेट. वॉर्म-अप धरून पंचवीस मिनिटं. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातला २०११ चा एक अभ्यास आहे. त्यात १६ आठवडे नीट व्यायाम केलेल्या माणसांपैकी काहींनी नंतर काम एक तृतीयांशावर आणलं, म्हणजे आठवड्याला एकच दिवस. तरुण गटाचे स्नायू आणि ताकद पुढचे ३२ आठवडे टिकून राहिली. मिळवायला कष्ट लागतात, राखायला फार थोडं लागतं. पुढच्या परीक्षेच्या महिन्यात जिम बंद करायची नाही, आठवड्यातून एक छोटा दिवस ठेवायचा, एवढं या अभ्यासातून आपण घेऊ. शिवाय त्या एका दिवशी चेहरे दिसत राहतात, आणि परत जाताना लाज वाटत नाही.

मासिक पाळीत काय करायचं, हे तू मागे विचारलं होतंस. अंगाला बरं वाटत असेल तर ठरलेलं काम ठरल्यासारखं करायचं, त्याने काही अपाय होत नाही. कळा येत असतील तर छोटा दिवस. फार दुखत असेल तर आराम, आणि तो खाडा वहीत खाडा म्हणून लिहू नकोस.

वहीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नेम टिकतो तो बऱ्याच वेळा वहीवर. जिममध्ये जाऊन 'आज काय करू' असं ज्याला ठरवावं लागतं, तो महिनाभरात कंटाळतो. तारीख, व्यायाम, वजन, रेप, आणि सेटच्या शेवटी आणखी किती रेप शिल्लक वाटल्या, एवढं लिही. वाढ करायची पद्धत साधी ठेव: ८ ते १२ असा पल्ला धर. एका वजनावर तिन्ही सेटमध्ये १२ झाले की पुढच्या खेपेला वजन वाढवून पुन्हा ८ वर ये. पायांच्या व्यायामात ५ किलोची उडी चालते, हातांच्या व्यायामात २.५ चीच. रिकाम्या २० किलोच्या बारवर सगळ्यात लहान १.२५ च्या दोन प्लेट लावल्या तरी ती साडेबारा टक्क्यांची वाढ होते. खांद्यांना हे फार वाटतं आणि मुली तिथेच अडकतात. जिममध्ये अर्ध्या किलोच्या प्लेट असतील तर त्या वापर, नसतील तर रेप १५ पर्यंत नेऊन मग उडी मार. आणि बारचं वजन धरायला विसरू नकोस. लांब बार बहुधा २० किलोचा, थोडा बारीक आणि आखूड असेल तो १५ चा, आणि काही लहान बार १० चे किंवा त्याहून हलकेही असतात. दर वेळी वेगळा बार घेतलास तर वहीतले आकडे खोटे बोलतील.

सेट कधी थांबवायचा? एक-दोन रेप शिल्लक असताना. दर सेटला अगदी हात टेकेपर्यंत गेलं की थकवा साचतो, ढब बिघडते, आणि पुढच्या खेपेची धास्ती बसते. पहिल्या दोन महिन्यांत वजन भराभर वाढलं ते मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना हाक मारायला शिकली म्हणून. त्यामुळे पुढे वाढ मंदावली की काहीतरी बिघडलं असं मानू नकोस. तीन खेपा एकाच आकड्यावर अडकलीस तर आधी झोप बघ. सात तास होत नसतील तर दुसरं कारण शोधायचीच गरज नाही. मग प्रथिनं बघ: दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास पुरतात, ६० किलोच्या माणसाला साधारण ९५ ग्रॅम. दोन्ही ठीक असतील तर एक आठवडा सेट निम्मे कर आणि १० टक्के कमी वजनावरून पुन्हा चढ. वजनकाट्याकडे मात्र रोज बघू नकोस. पाण्यामुळे एका दिवसात किलो-दीड किलोचा फरक पडतो, आणि खाड्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात काटा हमखास वर जातो, कारण दुखरे स्नायू आणि भरणारं ग्लायकोजन दोन्ही पाणी धरतात.

आता माणसांबद्दल, कारण तुझ्या निरोपात मला सर्वांत जास्त खटकलं ते 'तिथे माझं कोणी नाही' हे वाक्य. तीन महिने तू कानात इअरफोन घालून गेलीस आणि दर वेळी वेगळ्या वेळेला गेलीस. ओळख होणार कशी? जिममधली ओळख बोलण्याआधी वेळेची असते. एकाच वेळेला सलग तीन आठवडे जा, तेच आठ-दहा चेहरे दिसतील, त्यांतल्या दोघी-तिघी मान हलवतील, आणि कधीतरी एकीला तुझ्याच रॅकवर, म्हणजे बार ठेवायच्या उभ्या चौकटीत, स्क्वॉट करायचा असेल. तिथे विचारायचं: "किती सेट राहिलेत? मधे मधे मी करू का?" तिची विश्रांती तो तुझा सेट, तुझी विश्रांती तो तिचा. दोघींना प्लेट बदलाव्या लागतात, चार शब्द आपसूक होतात. अनोळखी जागेत ओळख करून घेण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही. हो, तिच्या सेटच्या मधोमध बोलायला जायचं नाही, आणि ती आरशात आपली ढब बघत असेल तर तिच्या आणि आरशाच्या मधे उभं राहायचं नाही.

प्लेट आपण लावल्या तर आपणच काढायच्या आणि जड प्लेट खालच्या खुंटीला ठेवायच्या. काढताना दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढ. एका बाजूच्या सगळ्या काढल्या तर रॅकवरचा बार दुसऱ्या बाजूला उलटतो आणि शेजारच्याच्या पायावर येतो. बेंचवरचा घाम पुसणं, रॅकमध्ये उभं राहून डंबेल कर्ल न करणं, हेही त्यातलंच. नव्या माणसाबद्दल जुन्यांचं मत यावरूनच बनतं. तू किती उचलतेस ते कोणी मोजत नाही.

जोडीदार मिळाली तर फार बरं. १९२० च्या दशकात ओटो कोलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका नौकाविहार संघातल्या माणसांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने, मग दोघांनी मिळून एकच बार, असा की एक थकला की दोघांचंही थांबलं. जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकट्याने टिकला त्याहून जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबू नये, ही भावना काम करत होती. पण हे सर्वांत जास्त दिसलं ते दोघांत मध्यम फरक असताना. फारच तफावत असली की कमी ताकदीचा माणूस मनाने आधीच हरतो, आणि दोघं बरोबरीचे असले की ओढही कमी. तेव्हा जोडीदार शोधताना तुझ्याहून थोडी पुढे असलेली, आणि मुख्य म्हणजे तुझ्याच वेळेला येणारी शोध. ताकद जुळली नाही तरी प्लेट बदलता येतात, वेळ जुळली नाही तर काही जमत नाही.

जोडीचा एक सापळा आहे. ती आली नाही की तू जात नाहीस, तू गेली नाहीस की तिचंही राहतं, आणि दोन माणसांचे खाडे एकत्र होतात. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा: येणार नसेल तिने आदल्या रात्री कळवायचं, आणि दुसरीने तरीही जायचं. शक्य तर तिसरी जोडा. तिघींत दोघी हजर असण्याची शक्यता बरीच जास्त. खाडा पडलेलीला कुठे होतीस म्हणून टोचायचं नाही, 'सोमवारी स्क्वॉट आहे, येतेस ना?' एवढंच विचारायचं. बावीस दिवसांत तुला असं विचारणारी एक जरी असती तर हा खाडा कदाचित दहा दिवसांचा झाला असता.

एकमेकींना स्पॉट द्यायला, म्हणजे वजन अडकलं तर वेळेवर धरायला, शिका, नीट शिका. बेंच प्रेसला स्पॉट देणारी डोक्यामागे उभी राहते, बारच्या जवळ हात, पण स्पर्श नाही. सेटच्या आधी तीन गोष्टी विचारायच्या: किती रेप करणार, बार हुकवरून उचलून देऊ का, आणि कोणत्या शब्दावर धरू. 'घे' म्हटलं की दोन्ही हातांनी पकडायचं आणि बार हुकमध्ये बसेपर्यंत सोडायचं नाही. बार मंद झाला म्हणून लगेच हात लावणं हेही चुकीचं, तिची रेप वाया जाते. बार खाली किंवा एकाच जागी थांबला की मात्र वाट बघायची नाही. बेंचवर पडून बार उचलणारीने अंगठा बारभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा बाहेर ठेवून बार निसटला तर तो छातीवर किंवा गळ्यावरच येतो. एकटी असशील तर बेंच रॅकच्या आत घे आणि सुरक्षेच्या आडव्या दांड्या अशा उंचीवर लाव की छाती फुगवलेली असताना बार छातीला टेकेल, पण छाती सोडल्यावर गळ्यावर येणार नाही. स्क्वॉटला तर माणसापेक्षा या दांड्यांवरच भरवसा ठेव, तुझ्या सर्वांत खालच्या टप्प्याच्या दोन-तीन बोटं खाली.

सगळीच माणसं चांगली मिळतील असं नाही. न विचारता ढब सुधारायला येणारे भेटतील. 'माझा ट्रेनरने दिलेला बेत आहे, तो संपवते' म्हणून पुढच्या सेटला लाग. चांगला ट्रेनर पहिल्या दिवशी जुन्या दुखापती विचारतो, तू केलेलं लिहून ठेवतो, ढब बिघडली की वजन उतरवतो आणि हात लावण्याआधी विचारतो. दर खेपेला नवा व्यायाम देणारा, उलटी होईपर्यंत पळवणारा, सांध्यात टोचतं म्हटल्यावर 'चालतं तेवढं' म्हणणारा ट्रेनर बदलून माग. स्नायूचं जळजळणं आणि दोन दिवसांनी येणारं ठणकणं चालतं. सांध्यातली कळ, एकाच बाजूचं दुखणं, मुंग्या येणं चालत नाही. अंगचटीला येणारा कोणीही असो, तिथे सोशिकपणा दाखवायचा नाही. तडक व्यवस्थापनाला सांग, त्यांनी ऐकलं नाही तर जिम बदल, आणि मला कळव.

आणि कोणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ केलं, 'सगळेच घेतात' म्हणालं, तर तिथून उठ. अॅनाबॉलिक स्टिरॉइड्सनी यकृताला आणि हृदयाला इजा होते, पाळी बिघडते, आणि बाईचा आवाज एकदा घोगरा झाला की औषध सोडल्यावरही तो बहुधा परत येत नाही. लेबल नसलेल्या सुट्या पावडरीही नकोत. ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन मोनोहायड्रेट पावडरीबद्दल तू विचारशीलच: दिवसाला ३ ते ५ ग्रॅम, त्यावर पुष्कळ अभ्यास झालाय आणि निरोगी माणसाला ते सुरक्षित आहे. पण तुझी आठवड्याची तीन दिवसांची घडी बसेपर्यंत त्याचा विचारसुद्धा करू नकोस.

सोमवारी पोचलीस की आधी पाच मिनिटं सायकल, श्वास थोडा वाढेल इतपत. मग रिकाम्या बारने स्क्वॉटच्या दहा रेप, दोनदा. मग प्रत्येक बाजूला २.५ आणि १.२५ ची प्लेट, एकूण २७.५, आठ रेप, दोन-अडीच मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. एक इअरफोन बाहेर राहू दे. निघताना बुधवारचे आकडे वहीत लिहून निघ, आणि रात्री मला फक्त स्क्वॉटचा आकडा कळव.

तुझी,
आई